मनगटावरची घंटा

नाक मोडल्याचा आवाज मला लग्नानंतर आठवड्याभरातच ओळखता यायला लागला. ओठ फाटला तर नुसतं चट् होतं. बरगडीवर बसली तर माणसाच्या तोंडून फुग्यासारखी हवा जाते. आणि नाक मोडलं, की सुकी काटकी पायाखाली यावी तसं वाजतं. आमचा बॉक्सिंगचा हॉल खाली, आमच्या दोन खोल्या वर आणि मधे एक कुरकुरणारा लाकडी जिना. वर भाजी चिरता चिरता मी सांगायची, आता बर्फ लागणार की टाके.

माझ्या नवऱ्याला सगळे मास्तर म्हणायचे, म्हणून मीही मास्तरच म्हणायची. एके दिवशी त्यांचा घंटा मारणारा माणूस पिऊन कुठेतरी पडला. मास्तरांनी जिन्याखालून हाक मारली, "अगं, जरा खाली ये. तुला घड्याळ कळतं ना?" मी ओले हात पदराला पुसत गेले, ती जन्मभर त्या घंटेपाशीच बसले. पितळेची जाड घंटा, रिंगशेजारच्या टेबलावर स्क्रूने आवळलेली. शेजारी लहान हातोडी. तीन मिनिटं मारामारी, मग ठण्. एक मिनिट विसावा, पुन्हा ठण्. पोरं मला ठण्णकाकू म्हणायला लागली. तोंडावर म्हणायची, मला राग यायचा नाही.

मास्तरांचा नियम एकच होता. घंटा झाली की हात खाली. समोरच्याचा जीव तुमच्या मुठीत असला तरी खाली. ते शिकवायला त्यांच्याकडे जाड दोरीचा तुकडा होता. घंटेनंतर ज्याचा हात उठला त्याच्या मनगटावर तो दोर सपकन बसायचा आणि वळ दोन-दोन दिवस राहायचा. एकदा एका धिप्पाड पोराने घंटेनंतर दुसऱ्याच्या कानशिलात ठेवून दिली. तो दुसरा उभ्याचा आडवा झाला, कानातून रक्त. मास्तरांनी धिप्पाडाच्या ग्लोव्ह्जच्या नाड्या कात्रीने कापल्या, ग्लोव्ह्ज काढून घेतले आणि दार दाखवलं.

"घंटेआधी मारतो तो बॉक्सर," ते बाकीच्यांना म्हणाले. "घंटेनंतर मारतो तो गुंड. कोण काय व्हायचं ते ठरवा."

घंटा अशी पोरांच्या हाडांत मुरली. शाळेत तास संपल्याची घंटा झाली की आमची पोरं हात खाली सोडून उभी राहतात, अशी तक्रार एका बाईंनी आणली होती. मास्तर इतके हसले की त्यांना ठसका लागला.

त्या पोरांत सगळ्यात चलाख होता डावऱ्या. डावखुरा, म्हणून डावऱ्या. आई-बाप धड नव्हते, लहानपणापासून आमच्याच हॉलच्या कोपऱ्यात वाढला. त्याचा डावा हात कुठून यायचा ते समोरच्याला खाली पडल्यावर कळायचं. आणि मुलींत सगळ्यात चलाख माझी नात, माझ्या लेकीची मुलगी. पाळण्यात असल्यापासून मुठी आवळून झोपायची, म्हणून मास्तरांनी नाव पाडलं गुद्दी. दोघं एकाच दोरीचा मार खाऊन मोठी झाली. मग एकमेकांच्या प्रेमात पडली, लग्न झालं. मास्तर तेवढं पाहून गेले. आता हॉल पूर्वीसारखा भरत नाही. संध्याकाळी थोडी पोरं येतात, मी घंटा मारते.

एका दुपारी गुद्दी दारात उभी राहिली. डावा डोळा पूर्ण मिटलेला, खालचा ओठ दाताने आरपार गेलेला. मी चेहरा वाचते, मला विचारावं लागत नाही. मार समोरून आला नव्हता. भिंतीला धरून दिला होता.

"कशावरून?" एवढंच विचारलं.

तिने मनगट पुढे केलं. मनगटावर काळं, चकचकीत स्मार्टवॉच. लग्नाच्या वाढदिवसाला डावऱ्याने दिलेलं. तेव्हा तिने मला कौतुकाने दाखवलं होतं. आजी, यात फोन येतो, निरोप येतात, झोप किती झाली ते कळतं, हृदयाचे ठोके दिसतात.

"ते सगळं त्याच्या फोनवरही दिसतं," ती ओठ न हलवता बोलत होती. "मी कुठे आहे, कधी झोपले. काल दुपारी माझे ठोके खूप वाढले होते म्हणे. मी घरी, मग ठोके कशाने वाढले? कोण होतं घरात?"

"आणि कोण होतं?"

"पाण्याचा कॅन होता, आजी. लिफ्ट बंद होती. चार मजले चढवला."

मी तिचा ओठ धुतला. ती हॉलमध्ये जाऊन बसली आणि थोड्या वेळाने पाण्यात काहीतरी पडल्याचा आवाज आला. रिंगच्या कोपऱ्यात आमची थुंकायची बादली असते. तिने घड्याळ काढून बादलीत टाकलं होतं. पण ते पाण्यात मरणारं घड्याळ नव्हतं. गढूळ, लालसर पाण्याच्या तळाशी ते उजळत होतं. कुठे आहेस. उचल. कुठे आहेस. दिसतंय मला कुठे आहेस. आम्ही दोघी वाकून वाचत होतो. शेवटी मी बादलीवर पाट टाकला.

पोलिसांत तक्रार झाली. डावऱ्याला बोलावून तंबी दिली, तिच्या आसपास फिरकायचं नाही म्हणून लिहून घेतलं. तो गप्प झाला, आणि गुद्दी माझ्याकडे राहिली. सूज उतरल्यावर तिने मुठींना सरावाच्या पट्ट्या बांधल्या. मोठ्या स्पर्धेची निवड अडीच-तीन महिन्यांवर होती. लग्नानंतर त्याने तिला खेळू दिलं नव्हतं.

"आता नाही तर कधीच नाही," ती म्हणाली. "वय निघून चाललंय. पण मला घड्याळ लागेल, आजी. पळताना वेग कळायला, ठोके कळायला."

"आत्ताच एक बुडवलंस ना?"

"ते बेडी होतं. मला घड्याळ हवंय."

मग आम्ही तिघी दुकानात गेलो. गुद्दी, मी आणि माझी लेक. लेक सबंध रस्ताभर तोंड चालवत होती. दुकानातला पोरगा हुशार, कानात बाळी, बोलण्यात साखर. त्याने काचेवर दोन घड्याळं ठेवली. एक स्मार्टवॉच, बुडवलेल्याचंच मोठं भावंड. दुसरं जाडजूड, पडद्याला चमक नाही, बाजूला पाच बटणं.

"हे बघा मावशी," तो लेकीला म्हणाला, "हा मनगटावरचा फोन आणि हा मनगटावरचा कोच. फोनला रोज चार्जिंग. कोच दोन-दोन आठवडे जेवण मागत नाही. फोन सगळं थोडंथोडं करतो. कोच एकच करतो, पण घाम काढतो."

"पडलं-झडलं तर?" लेकीने विचारलं.

"स्मार्टवॉच आपोआप फोन लावतं. संकटात बटण दाबलं तरी लावतं."

"मग तेच दे. झालं."

"आई, नको."

"का नको? तो परत आला तर? एकटी पळायला जातेस, एकटी हॉलमध्ये असतेस. या ठोकळ्यातून मला काय कळणार? तू मेल्यावर ठोके बंद झाले तेवढं!"

दुकानातल्या पोराने मान खाली घातली. गुद्दी शांतपणे म्हणाली, "आई, मी मार खात होते तेव्हा माझे ठोके किती होते ते त्या घड्याळाला माहीत होतं. एकेक ठोका माहीत होता. त्याने कुणाला सांगितलं? त्यालाच."

"ते बंद करता येतं, ताई," पोरगा हळूच म्हणाला. "दुसऱ्याला दिसणं."

"चालूही करता येतं ना?"

त्याने स्मार्टवॉच काचेवर जरा मागे सरकवलं.

लेक माझ्याकडे वळली. "आई, तू सांग हिला. तुझं ऐकेल."

मी दोन्ही घड्याळं हातात घेऊन पाहिली. स्मार्टवॉचच्या काचेवर बोट फिरवलं, त्याने दादच दिली नाही. म्हातारी बोटं सुकलेली असतात, काचेला ती बोटं वाटतच नाहीत. दुसऱ्याचं बटण दाबलं. कट् झालं, पडदा बदलला. मला ते आवडलं. दाबलं म्हणजे दाबलं.

"हे," मी म्हणाले.

"झालं! दोघी एकाच माळेच्या," लेक म्हणाली आणि दुकानाबाहेर जाऊन उभी राहिली. पण तिचं म्हणणं चुकीचं नव्हतं. ते मला तेव्हाही कळत होतं.

त्या घड्याळात एक सोय होती. फेऱ्या लावून ठेवता यायच्या. तीन मिनिटं, एक मिनिट, पुन्हा तीन. वेळ संपली की ते मनगटावर थरथरायचं. गुद्दी उजाडताच उठून पळून यायची आणि मग हॉलमधल्या टांगत्या बॅगवर मारायची. तेवढ्यासाठी मला गुडघे धरत जिना उतरायला लावायचं तिच्या जिवावर यायचं. आवाजही तिने बंद ठेवला होता, माझी झोप मोडू नये म्हणून. ग्लोव्हच्या वर, कोपराच्या अलीकडे पट्टा आवळायचा. थरथरलं की थांबायचं, थरथरलं की मारायचं.

खरं सांगते, मला त्या ठोकळ्याचा मत्सर वाटला. वरून ऐकायची मी. धाड धाड धाड, मग एकदम शांत. घंटा नाही, काही नाही, जशी हॉलमधली हवाच कुणी कापली. एकदा खाली जाऊन पाहिलं. बॅगवर तुटून पडलेली पोर मधेच हात सोडून उभी राहिली, जशी मी घंटा मारल्यावर राहायची. तेच अंग, तीच सवय. फक्त घंटा आता तिच्या कातडीखाली गेली होती.

"ही मुकी घंटा काय कामाची?" मी म्हणाले.

"जळतेस!" ती हसली. तिचा ओठ आता भरून आला होता.

निवड पंधरवड्यावर आली होती. त्या दिवशी मी जागीच होते, म्हटलं चहा तरी खाली नेऊन द्यावा. हॉलचं दार हवेसाठी उघडं होतं, सकाळचं ऊन रिंगच्या दोरांपर्यंत आलं होतं. गुद्दी खिडकीजवळ बॅग मारत होती. मी कप घेऊन एकेक पायरी बसत-उठत उतरत होते. अर्ध्यावर आले आणि दारातल्या उन्हात डावऱ्या दिसला.

"काकू, तुम्ही वर जा," तो मला म्हणाला. अगदी नीट, लहानपणी म्हणायचा तसा. मग तिला म्हणाला, "चल घरी."

"नाही."

"झालं ना आता? दाखवून झालं सगळ्यांना. चल."

"लिहून दिलंयस ना पोलिसांना? बाहेर हो."

तो जवळ गेला. त्याने तिचा हात धरला आणि पिळून वर केला. "हे काय? माझं काढून हे घातलंस? यात मला काय दिसतं?"

"काहीच नाही. म्हणूनच घातलंय."

त्याने उजव्या हाताने थोबाडीत मारली. तिचं डोकं बॅगवर आपटलं आणि बॅग साखळीसकट झुलली. घरात तो असा मारायचा तेव्हा ती भिंतीला लागून खाली बसायची, हे तिनेच मला सांगितलं होतं. घरात कसं उभं राहायचं ते तिला कुणी शिकवलंच नव्हतं. पण इथे पायाखाली हॉलच्या फळ्या होत्या. झुलणारी बॅग परत येईपर्यंत तिची हनुवटी खाली आणि हात वर गेले होते.

तिने दोन डावे मारले, मागून सरळ उजवा. काटकी मोडली. डावऱ्याच्या नाकातून रक्ताची धार लागली, ओठांवरून दातांत गेली. तो हसला, लाल दातांनी.

"एकाच मास्तरांचे आपण, गुद्दे."

तो आता बॉक्सरसारखा आला. मी जिन्यावर होते, कप कधी सुटला कळलं नाही. मी जन्मभर लढती पाहिल्या, पण एका बाजूला ग्लोव्ह्ज आणि दुसऱ्या बाजूला उघड्या मुठी, अशी पाहिली नव्हती. त्याचा एक तिच्या बरगडीत गेला, तिची हवा गेली. तिने त्याची भुवई फोडली. त्याचा डावा येताना ती ओळखत होती. लहानपणापासून ओळखत होती. दोनदा तो ठोसा हवेत गेला, दोनदा तिने आत शिरून त्याच्या पोटात मारला. तो वाकला. रक्त त्याच्या डोळ्यात उतरलं होतं, तो आंधळ्यासारखा चाचपत होता. अजून एक, मी मनात म्हणाले. आता एक बसला की संपलं.

आणि गुद्दीचे हात खाली आले.

सरळ, अलगद, दोन्ही बाजूंना. तिचा चेहरा क्षणभर मोकळा झाला, कामावरून सुटलेल्या माणसासारखा. मला कळेना हिला काय झालं. मग पट्टा दिसला. तीन मिनिटं झाली होती. ते घड्याळ थरथरलं होतं, आणि ते फक्त तिलाच कळलं होतं.

त्याचा डावा तिच्या गालावर बसला. तो आवाज मी आधी कधीच ऐकला नव्हता. काटकी नव्हे, बशी फुटावी तसा. ती बॅगखाली पडली. तो तिच्या छातीवर गुडघा रोवून बसला आणि मारू लागला. डावा, डावा, डावा. बोलत नव्हता, धापा टाकत नव्हता, भिंतीत खिळा ठोकावा तसा मारत होता. तिच्या टाचा फळ्यांवर आपटत होत्या, मग त्याही थांबल्या.

मी ओरडले. रस्त्यावर कुणी नव्हतं. फोन वर, उशाशी. तेव्हा मला लेकीचं दुकानातलं बोलणं आठवलं, ठोके बंद झाले तेवढं कळेल. पण फोन लागला असता तरी माणसं यायची केव्हा? तो मारत होता आता.

जिना कसा उतरले माहीत नाही. टेबलाला धरलं. हातोडी तिथेच होती, रोजच्या जागी. जन्मात मी घंटा एक क्षण आधी मारली नाही की एक क्षण नंतर. मास्तरांचा लाडका मार खात असला तरी नाही. मी होता नव्हता तेवढा जोर काढून हातोडी हाणली.

ठण्!

डावऱ्याचा हात वर गेलेला होता. तो तिथेच थांबला. मग खाली आला. मूठ सुटली. तो तिच्या छातीवरून उठला, पाठ वळवली आणि पुढे झाला. कुठे, तर रिंगच्या त्या कोपऱ्याकडे जिथे मास्तरांची खुर्ची असायची. दोन पावलं गेला. हात खाली सोडलेले, मान जरा पुढे, पाण्याची बाटली कुणीतरी देईल म्हणून.

मग थबकला. माझ्याकडे पाहिलं. "काकू..." म्हणाला.

त्याच्यामागे गुद्दी उठली होती. एक गुडघा, मग दुसरा. तिच्या चेहऱ्याची एक बाजू आत गेली होती. चाहूल लागून तो वळला, पण हात अजून खालीच होते. तिने जमिनीतून उपसल्यासारखा उजवा आणला. तो त्याच्या हनुवटीखाली लागला. जबडा सुटला, दोन दात आणि रक्त एकदमच बाहेर आलं. तो मागच्या मागे रिंगच्या लाकडी कडेवर आदळला, बादली कलंडली, आणि तो त्या पाण्यात पडून राहिला.

ती पुन्हा त्याच्याकडे निघाली. मी मधे आडवी आले. हातोडी माझ्याच हातात होती.

"बस्स," मी तिला म्हणाले. मग त्याच्याकडे वळून म्हणाले, "आणि तू. उठलास तर या हातोडीने कवटी फोडीन. ठण्णकाकूची शपथ."

तो उठला नाही. तुटक्या जबड्याने तो रडत होता, आणि मला त्याची लहानपणची रडण्याची पद्धत आठवली. आठवली तरी मी हातोडी खाली ठेवली नाही.

नंतर पोलीस बाई आल्या. लेक आली, तिने मला एकही टोमणा मारला नाही, यावरून तिची अवस्था कळली. बाईंनी टिपून घेताना मला विचारलं, "घंटा तुम्ही वाजवलीत?"

"हो."

"कशासाठी?"

"फेरी संपली होती."

त्यांनी माझ्याकडे जरा रोखून पाहिलं आणि पुढचं गुद्दीला विचारलं. "घंटा तुला ऐकू आली होती?"

गुद्दीच्या तोंडाला पट्टी होती. तिने मान हलवली. हो. मग बाईंच्या हातातलं पेन मागून कागदाच्या कडेला स्वतः लिहिलं, चांगली ऐकू आली.

डावऱ्या आत आहे. वकील लावलाय, तारखा पडतात. गुद्दीच्या गालात पत्रा बसवला. त्या वर्षीची निवड गेली, पुढच्या वर्षीची होईल की नाही हे डॉक्टरांनाही सांगता येत नाही. थंडीत गाल ठणकतो. घड्याळाच्या काचेला तडा गेलाय, पण चालतं. पळायला जाताना ती ते घालते, ठोके बघते, आणि आल्यावर दाराशेजारच्या खिळ्याला अडकवते. हॉलमध्ये ते येत नाही. दार आम्ही आतून लावतो. लेकीने माझ्या गळ्यात फोन अडकवून ठेवलाय, गुरासारखा.

फेऱ्या आता पुन्हा माझ्या हातावर. मी सकाळी बसत-उठत खाली येते आणि टेबलापाशी बसते. ती मारत असते. तीन मिनिटं होतात. ठण्. तिचे खांदे सैल पडू लागतात, हात खाली येऊ लागतात, आणि निम्म्यावर थांबतात. मग ती बॅगला आणखी एक ठेवून देते. अंगातला सगळा जोर लावून, रोज, घंटेनंतर. साखळी करकरते.

दोर तिथेच खुंटीला आहे. मी काही बोलत नाही. बॅग झुलायची थांबली, की मिनिट मोजायला लागते.